डॉक्टर कसा मेला

नाही, पण मला एक सांगा, सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाला सिनेमा दिसायला हवा की नको? बस, एवढीच माझी मागणी! तुम्ही म्हणाल, शांताराम, तू तर घरबसल्या व्हिडिओवर बघतोस, तुला काय धाड भरलीय... हो, बघतो. कारण पालघरच्या टॉकीजला सिनेमा लागतो शुक्रवारी, आमचं साप्ताहिक तिथूनच निघतं शुक्रवारी सकाळी, म्हणजे परीक्षण द्यायचं गुरुवारी, आणि कॅसेट बोईसरला येते टॉकीजच्याही आधी, कशी येते ते विचारू नका. मग भाड्यानं मशीन आणायचं, अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि घरी बघायचं. घरी म्हणजे बोईसरला, आमच्या चाळीत. मशीन रिक्षातून उतरायच्या आत दारात चपलांचा ढीग, आणि त्यातली एकही आमची नाही!

त्यात या वेळी माझा जीव टांगणीला. का, तर मागच्या महिन्यात मी लिहिलं, 'दिग्दर्शकाने कृष्णधवल छायाचित्रणाचे धाडस केले आहे.' आता सिनेमा होता रंगीत आणि टीव्ही माझा कृष्णधवल, मला काय स्वप्न पडलं होतं? आमचे संपादक कमलाकांत कधी आवाज चढवत नाहीत, तेच वाईट. चष्मा पुसत म्हणाले, "शांताराम, आणखी एक चूक झाली की तुमच्या जागी राशिभविष्य." तुम्हाला हसू येतंय. अहो, मी कारखान्यात स्टोअरकीपर, तिथं मला नावच नाही, 'ए स्टोअर' अशी हाक मारतात. आठवड्यातून एकदा माझं नाव छापून येतं, तेव्हा मी स्टेशनवर उभा राहून तोच अंक दोन-दोनदा उघडून बघतो. तेही गेलं तर मग माझ्याकडे राहिलं काय?

तर गुरुवार, दुपारचे दोन. खोलीत माणसं अठरा. शेजारचे खंडेराव सहकुटुंब. अगदी पुढं नवसी, दांडीहून मासळी घेऊन येते ती. गुरुवारी आमची निम्मी चाळ मासे खात नाही, त्यामुळे टोपली दाराशी ठेवून बाई निवांत. मला जागा कुठं, तर पाण्याच्या पिंपाजवळ. आणि समीक्षक मी, बरं का!

सिनेमा छान होता हो. एक डॉक्टर, अगदी देवमाणूस, गरिबांना फुकट औषध... मध्यंतरापर्यंत मी चार पानं टिपणं काढली. आणि अचानक चित्राला मुंग्या! मशीन आणि टीव्हीच्या मधली पिन सैल. मी उठलो, टीव्हीच्या मागं गेलो, पिन दाबून धरली, तर समोर एकच कल्ला, "आलं, आलं!" सोडली, "गेलं, गेलं!" म्हटलं, खंडेराव, जरा धरता? त्यांनी धरली, मुंग्या. हिनं धरली, मुंग्या. चिंधी बांधली, तरी मुंग्या... आणि मी धरली की चित्र लख्ख! खंडेराव म्हणतात, "सायेब, तुमच्या हाताला गुण हाय बगा. आता हलू नगा." म्हणजे अठरा जण बघतायत सिनेमा, आणि मी बघतोय अठरा जणांची तोंडं. दात दिसले की विनोदी प्रसंग, पदर डोळ्याला गेला की करुण. आणि समीक्षक मी, बरं का!

तेवढ्यात दारात दादू, छापखान्यातला. "शांतारामभाऊ, साडेपाचची गाडी हाय. मजकूर घेतल्याशिवाय येऊ नको बोललेत." पाच वाजून गेलेले, हात बधिर, कपाळावरचा घाम डोळ्यात, आणि शेवटची दहा मिनिटं. धाडकन गोळी वाजली. सगळी खोली पुढं सरकली. मी मागून विचारतोय, "काय झालं? डॉक्टरचं काय झालं?" कोण ऐकतंय? वाद्यांचा दणदणाट, त्यात खंडेरावांच्या धाकट्यानं भोकाड पसरलेलं. "अहो, कोणीतरी सांगा हो, माझं सदर जाईल!" आणि नवसी गुडघ्यांवर उठली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "डॉक्टर... मेला!"

मला भडभडून आलं. एक तर देवमाणूस गेला, आणि दुसरं म्हणजे मला शेवट मिळाला. पिन सोडली, पिंपाच्या झाकणावर कागद ठेवून लिहून टाकलं, 'डॉक्टरांचे हौतात्म्य मनाला चटका लावून जाते.' दादूनं तो कागद घेतला आणि पळत सुटला.

शनिवारी कमलाकांतांचं बोलावणं. चष्मा पुसत होते, तेव्हाच ओळखलं. म्हणाले, "तुमचे हुतात्मे शेवटी गरिबांची औषधं चोरून विकताना सापडतात. पोलीस हवेत गोळी झाडतात आणि बेड्या पडतात त्यांना. टॉकीजमध्ये लोक तुमचं वाक्य मोठ्यानं वाचून हसत होते, शांताराम."

मी तडक नवसीला गाठलं. "तूच ना म्हणालीस, डॉक्टर मेला म्हणून?"

"मंग? मेलाच हाय तो. गरिबांची औशदं इकतो, त्याला मेला नाय तर काय बोलायचा?"

"अगं, पण वारला का तो?"

"वारला? मी कवा बोलले वारला? मी मेला बोलले."

आता सांगा, काय भांडणार? माझी सख्खी मावशी मला दिवसातून दहा वेळा 'मेल्या' म्हणायची, आणि मी हा तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे. मला कळायला नको? आणि समीक्षक मी, बरं का!

पुढच्या अंकात चौकट आली. 'खुलासा : गेल्या अंकात मरण पावलेले डॉक्टर हयात असून सध्या अटकेत आहेत.' सिनेमाचं नाव टाकायला विसरले. दोन दिवस लोक पालघरच्या खऱ्या डॉक्टरांच्या दारात चौकशीला! आणि चौकटीच्या खाली, माझ्या जागेत, राशिभविष्य. मी तो अंक स्टेशनवर एकदाच उघडला आणि घडी घालून टाकला. वाईट वाटलं हो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी नवसी दारात. हिला विचारते, "बाय, आज मशीन नाय आणला?" ही म्हणाली, "यांचं लिहिणं बंद केलं त्यांनी." नवसी थबकली. माझ्याकडे पाहिलं, टोपली डोक्यावर चढवली, आणि अगदी कळवळून म्हणाली, "बिचारा मेला."

तुम्हाला सांगतो, या वेळी मी काही अर्थ विचारायला गेलो नाही.