बांधावरची गळती

सांगू नकोस, असं आईने मला बजावलंय. पण रेणुका, ही गोष्ट तुझ्या घरची आहे, तुला तरी कळायला हवी. बाकीच्यांनीही ऐका. जरा जवळ सरका, मला मोठ्याने बोलता येत नाही. आई पलीकडच्या वर्गात आहे.

आज एका वादळामुळे आपल्याला शाळेत आणून ठेवलंय. पंधरा वर्षांपूर्वी आठ दिवसांत दोन आली. पहिल्याने खाडीचा बांध खिळखिळा केला, दुसऱ्याने फोडला. खालची वाडी रात्रीत बुडाली. रेणुकाची आजी, तानीबाई, त्यात गेली. बांध राखायची पाळी रेणुकाच्या आजोबांची होती. म्हणून गाव आजवर त्यांनाच बोल लावतं.

आता ऐका. चार वर्षांनी माझे थोरले काका, भिवाकाका, अंधार पडल्यावर त्याच बांधावरून घरी निघाले. एकटे. हातात बॅटरी. वाटेत बोटाएवढी गळती दिसली. गळती दिसली की आपल्यात कोणी तसंच पुढे जात नाही, माहीत आहे ना? काका वाकले. चिखलाचा गोळा दाबला. निघाले. दहा पावलांवर दुसरी, मुठीएवढी. तीही बुजवली. मग तिसरी. मग चौथी. आणि मागे बघतात तर काय, दाबलेले सगळे गोळे वाटेवर ओळीने मांडलेले.

काका पळाले. तर पुढे बांधाला हे एवढं भोक. काका खाडीच्या अंगाने खाली उतरले, चिखल कोंबायला लागले. कोपरापर्यंत हात आत गेला, आणि आतून कोणीतरी मनगट धरलं.

गार हात. बांगड्यांचा.

"आज वेळ मिळाला वाटतं, भावजी?"

काकांनी हात ओढून पाहिला. सुटेना.

"बांध फुटला त्या दिवशी साखरपुड्याला निघाला होतात. पांढरा लेंगा घालून. गळती बघितलीत आणि तसेच गेलात. लेंगा मळला असता, नाही का?"

"चुकलो, तानीवहिनी."

"मला कशाला सांगता? मी तर गेले. माझ्या माणसाच्या तोंडावर गाव थुंकतं. गावाला सांगा."

भरती चढत होती. पाणी छातीला लागलं. मग हनुवटीला.

"सांगतो," काका ओरडले. "देवळासमोर उभा राहून सांगतो."

तेव्हा हात सुटला. काका रांगत घरी आले. मनगटावर पाच बोटं उमटलेली. अजून आहेत, म्हणून ते लांब बाह्यांचा सदरा घालतात. घरात त्यांनी सगळं सांगितलं. देवळासमोर मात्र गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो. अकरा वर्षं झाली.

आज जेवताना त्यांची एकच बाही भिजलेली होती. चिखलाच्या पाण्याने. मी पाहिलं.

म्हणून सांगते, अंधारात त्या बांधाने कोणी जाऊ नका. कोणीच. आणि रेणुका, तुझ्या आजोबांचा काही...

"कुंदा, लवकर ये गं. काका बॅटरी घेऊन बांधाकडे गेलेत म्हणे."

आले, आई. पण आत्ता तर ते इथे दाराशी उभे राहून ऐकत होते, आणि त्यांचं मनगट धरून एक बाई...