खरं बोलण्याचा तारा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचं संचालक मंडळ, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या बाई, आणि समोरच्या पालकांनो, बाळांनो,

मी शाळेच्या कार्यशाळेतला सुतार. शिकलो ते लाकडाकडून, त्यामुळे भाषणाला रंधा मारलेला नाही. एखादं कुसळ टोचलं तर सांभाळून घ्या.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, बाईंची 'स्वेच्छानिवृत्ती'. ही इच्छा कुणाची हो? बाईंची तर नाही. त्यांची अजून दोन वर्षं बाकी होती.

कार्यशाळेत बाईंचा एकच रिवाज होता. हत्यार मोडलं, तर मोडणाऱ्यानं माझ्याशेजारी बसून ते दुरुस्त करायचं. ओरडा नाही की शाबासकी नाही. पोरं आपण होऊन यायची. पहिल्यांदा कान लाल व्हायचे, पुढच्या खेपेला हात जपून चालायचा. माणूस घडतो म्हणजे आणखी काय होतं?

मग गेल्या वर्षी वरून 'सद्गुण-तक्ता' आला. खरं बोललं की एक तारा. दहा तारे झाले की टाळ्या आणि भिंतीवर फोटो.

आठवड्याभरात करवतीची अकरा पाती मोडली! सातवीतली एक मुलगी हसतमुखानं आली.

"बाई, खरं सांगते, पातं मी मोडलं."

"कसं गं?"

"गुडघ्यावर ठेवून."

"मुद्दाम?"

"मग काय करू? मला एकच तारा कमी पडतोय."

हसलात? मीही हसलो होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं, आणि त्या दिवसापासून तक्ता कोरा ठेवला.

अध्यक्ष महोदय, आपण त्यांना बोलावलंत तेव्हा मी आपल्याच खोलीच्या दाराची बिजागरी बसवत होतो. आपण म्हणालात, "बाई, तक्ता भरला नाही तर पालकांना संस्कार दाखवायचे कसे?" बाई म्हणाल्या, "साहेब, दाखवायला लागलो की ते संपतात." मग आपण माझ्याकडे वळलात, "काय हो मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "आपण म्हणाल तसं."

आपल्या सर्वांवरचा राग एकीकडे आणि या तीन शब्दांचा राग एकीकडे. आयुष्यभर पोरांना सांगितलं, टेबलाच्या खणाची न दिसणारी बाजूही घासा. आणि माझी स्वतःची तीच बाजू खरखरीत निघाली! बाई, तुमच्यासमोर, या सगळ्यांसमोर कबूल करतो. तुम्ही एकट्या पडलात त्यात माझा हात आहे.

सोमवारपासून तो तक्ता माझ्याकडे येणार, असं पत्र मला मिळालंय. अध्यक्ष महोदय, त्यावर माझ्या हातून एकही तारा उमटणार नाही. मोडलेलं हत्यार घेऊन जो येईल त्याच्यासाठी शेजारी जागा ठेवीन. हे मंजूर नसेल तर मलाही निरोप द्या. फक्त पत्रिकेवर 'स्वेच्छा' छापू नका.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर अडाणी म्हातारा म्हणून माफ करा. जे बोललो, ते मात्र माफ करू नका. त्याचं उत्तर द्या.