जनरलचा खोकला

मेक्सिकोतल्या तोरेओन शहरात, जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. थोरलीच्या बाजाराच्या पिशवीतून एका चिवावा कुत्र्याचं लिंबाएवढं डोकं बाहेर आलं होतं. धाकटीला तसलंच पाळायचं होतं.

"ओफेलियाबाई, नवऱ्याला दमा आहे. सासू म्हणते, चिवावा उशाशी निजव, दमा कुत्र्यात जातो."

"जातो. पण ग्रिसेल्दा, आधी ऐकून घे. याची टाळू बाळासारखी मऊ असते. लाडानंसुद्धा टपली मारायची नाही."

"बरं."

"सोफ्यावरून उडी मारली की पाय मोडतो. थंडीत स्वेटर लागतो."

"तो नवऱ्यालाही लागतो."

"खायला अर्धी तोर्तिया, पण भुंकायला सगळी गल्ली. आणि घरात माणूस एकच मानतो. आमच्या या जनरलनं मला मानलंय, माझ्या नवऱ्याला, एउसेबियोला, पलंगावर चढू देत नाही."

"मग दमा कसा जाणार?"

"गेला ना. एउसेबियो खाली सतरंजीवर घोरतो, छान श्वास घेतो. खोकतो हा."

पिशवी खोकली.

"अगं बाई. म्हणजे याच्या औषधासाठी आलात?"

"औषधानं कुठं दमा जातो? याच्या उशाशी निजवायला याच्याहून लहान कुत्रं मिळेल का, ते विचारायला आलेय."