समोरच्या बाजूचा जनरल

आमी पूर्णेचे, बौद्ध. आज्यानं गावची मेलेली ढोरं वढली, बाप रेल्वेत खलाशी झाला अन् बापाच्या मागं मी लोकोशेडात लागलो. इंग्रजी कुठं शिकले म्हणून लोक आजबी इचारतेत. काय सांगू तुमाला, शेडात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर व्हता, लय तोंडाळ, त्याच्या शिव्या समजल्याबिगर त्याच्या हाताखाली टिकनं मुश्कील, म्हणून शिकलो. आधी शिव्या, मग त्याचा पेपर. त्याचे डोळे गेले तवा मीच त्याला वाचून दाखवायचो.

तर पूर्णेला टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. इंग्रजी लढाईचा पिच्चर आला की तंबूवाल्या शेठचा मानूस शेडाच्या फाटकावर हजर, चला म्हने. मी पडद्याच्या बाजूला माईक धरून बसायचो, पडद्यावरचा बोलला की मराठीत सांगायचो. ज्यांच्या वसरीवर आमाला बसायची सोय नव्हती ते खाली मातीत बसून माहा आवाज ऐकायचे. मला ते लय आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बांगलादेशची लढाई होऊन वरीस झालं नव्हतं तवाची गोष्ट. पिच्चरच्या पेट्या गाडीनं उशिरा आल्या, मला आधी बघायला भेटलाच न्हाई. लढाई इंग्रज अन् जर्मनची, आपले लोक इंग्रजाकडून लढलेले, म्हणून तंबूत इंग्रज तो आपला. पहिल्या रिळात एक जनरल दिसला, वाळवंटात शिपायासंगं उभ्यानं जेवायलाय, जखमी पोराच्या डोक्यावरून हात फिरवायलाय. मी बिनदिक्कत म्हनलो, बघा मंडळी, हा आपला जनरल. शिट्ट्या काय, टाळ्या काय. दुसऱ्या रिळात त्याच्या टोपीवरचं निशान नीट दिसलं. तो जर्मन व्हता.

तेवढ्यात त्यानं इंग्रजांकडले कैदी धरून आनले. पानी संपत आलेलं. त्याचा अधिकारी म्हनतो साहेब हे दुश्मन हायती, जनरल म्हनतो तहान त्यायलाबी लागती, आपल्यातलं अर्धं द्या. आता मी काय सांगू? शेठ वाकून माह्या कानात म्हनला, लोक तंबू जाळतील, त्या पान्यात जहर हाय म्हणून सांग, न्हाई तर उद्यापासून माईकला हात लावू नको. अन् पब्लिकमधून वरडायलेत, ए माईकवाले, आपला का त्यांचा?

माहं तर सारं आयुष्य ह्याच सवालात गेलं. कुठंबी गेलो की आधी इचारनार कोनाचा, कसा हाय ते कोनी इचारलं न्हाई. मी माईक घट धरला अन् म्हनलो, मंडळी माही चूक झाली, हा समोरच्या बाजूचा जनरल हाय. पर पानी त्यानं खरंच दिलंय, साधं पानी, अन् आधी कैद्यायला दिलंय, मंग सोता पेलाय. एक चप्पल आली, खांद्याला लागली. दुसरी यायच्या आत बायांच्या बाजूनं एक म्हातारी उभी राहिली, पिंगळी गावची गयाबाई, शेतीवाल्या मोठ्या घरची. तिचा लेक फौजेत, बांगलादेशच्या लढाईपासून बेपत्ता. ती म्हनली, बापू, पानी दिलं ते पुन्ना सांग. मी पुन्ना सांगितलं. मंग कोनी वरडलं न्हाई.

शेठनं माईक काढून घेतला तो घेतलाच, पुन्ना दिला न्हाई. वाईट वाटलं, लय वाटलं.

पुढं सा महिन्यानं गयाबाई रेल्वेच्या चाळीत माहं घर हुडकत आली. हातात सरकारचा इंग्रजी कागद. गावातल्या शाळामास्तरनं वाचून दिलता, पर तिला माह्याकडूनच ऐकायचा व्हता. मी वाचला, लेक लढाईतच गेला म्हणून लिव्हलं व्हतं. ती म्हनली, त्याला शेवटी कोनी पानी दिलं का, लिव्हलंय का बापू? हो म्हनलो असतो तर कोनाला कळनार व्हतं? पर मी कागद पुन्ना वरपासून खालपर्यंत वाचला. म्हनलो, न्हाई माय, तसं काई लिव्हलं न्हाई.

तिनं कागदाची घडी घालून पदराला बांधली. मंग म्हनली, आज खोटं न्हाई बोललास, मंग तवा तंबूतबी खरंच बोलला आसशील. आसतेत तिकडंबी आसे मानसं. अन् माह्या बायकोला म्हनली, माय, तांब्याभर पानी दे. आमच्या घरचं पानी, तिच्या घरच्यायनं कदी तोंडाला लावलं नव्हतं. बायको माह्याकडं बघायली, मी म्हनलो, दे. गयाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली अन् तांब्या रिकामा करूनच उठली.

आता ती न्हाई, शेठ न्हाई, तंबूबी न्हाई. मला पेन्शन हाय, नातवंडं हायती, कुनाचं वाईट केलं न्हाई. तुमी एवढं ऐकून घेतलं, तुमचं भलं हो.