अफराऊला नसलेली विहीर

तिलमीस पोलीस ठाणे, दि. २ ऑगस्ट २०१८, सकाळी १०.४० वाजता.
पुरवणी जबाब

माझे नाव अद्दी उ बस्सू, वय ५३ वर्षे, धंदा आकाशातून पडलेले दगड शोधणे, निवडणे व विकणे, राहणार जुना बाजार, तिलमीस, मोरोक्को. आज कोणी बोलावलेले नसताना मी आपल्या पायाने ठाण्यात आलो असून अंमलदार साहेबांच्या समोर बसून सांगतो तो मजकूर पुढीलप्रमाणे.

माझ्या पत्नीचे नाव तूदा. तिचा धाकटा भाऊ यिदिर, वय ३४, बकऱ्या राखत असे व सवड मिळेल तसे दगड शोधत असे. त्याचे प्रेत १५ जुलै रोजी अफराऊ पठारावर मिळून आले. १८ जुलै रोजी याच ठाण्यात, याच खुर्चीवर, माझा जबाब झाला. त्यात मी ‘यिदिर वाट चुकला असावा’ असे सांगितले. त्यावरून साहेबांनी कागदावर ‘वाट चुकून, पाण्याअभावी मृत्यू’ असे लिहिले. त्यातील पाण्याअभावी हे खरे आहे. वाट चुकून हे खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे मला त्या दिवशीही माहीत होते.

विचारल्यावरून सांगतो की, हे आताच सांगायला येण्याचे कारण तूदा आहे. ती २० जुलैपासून तिच्या वडिलांच्या तंबूत राहते. माझे सासरे चाळीस वर्षे वाळवंटात कळप घेऊन फिरले. भेटायला येणारे लोक ‘वाट चुकला बिचारा’ म्हणतात, तेव्हा ते उठून तंबूच्या मागे जाऊन बसतात. आमच्यात मेलेल्या माणसाला चोर म्हटलेले चालेल, पण धनगराच्या पोराला वाट चुकला म्हणणे म्हणजे बापाच्या तोंडात मारणे आहे. तूदाने मला निरोप पाठवला, “आधी ठाण्यात जाऊन ते वाक्य खोडून घ्या. मग घराचं बघू.” म्हणून मी आलो.

आता दगडाविषयी. आमच्या धंद्यात दगड ओळखायची पहिली रीत लोहचुंबकाची. दोरीला बांधलेला लोहचुंबक जवळ नेल्यावर ओढला गेला तर दगड बोलका. नाही ओढला तर गप्प. माझ्या वडिलांच्या काळी गप्प दगड फेकून देत. आईने तसला एक दगड तंबूची दोरी दाबायला नऊ वर्षे वापरला आणि मुक्काम हलवताना तिथेच टाकला. पुढे बाहेरून जाणकार यायला लागले तेव्हा कळले की बोलके पोत्याने मिळतात, खरा भाव गप्प दगडांना. चंद्रावरचे, मंगळावरचे सगळे त्यातलेच. आम्ही दोन पिढ्या नेमके तेच फेकले होते. हे लिहायची गरज नसेल तर साहेबांनी गाळावे.

१९ जानेवारीला संध्याकाळच्या नमाजानंतर आभाळात मोठा उजेड पडून गडगडाट झाला. तो गावात सगळ्यांनी पाहिला. मी पंधरा दिवस एकटा फिरलो. ३ फेब्रुवारीला तम्लालतच्या कोरड्या ओढ्यात मला एक दगड मिळाला. वजन ६१२ ग्रॅम. वरून तव्याच्या बुडासारखा काळा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला, आत हिरवट. लोहचुंबक लावला, हलला नाही. मी तिथेच वाळूत बसलो. ओढा ठाण्यापासून पूर्वेला बावीस किलोमीटरवर असून तिथून पश्चिमेला चार किलोमीटरवर सरकारने दोन वर्षांपूर्वी खणलेली सिमेंटच्या कठड्याची विहीर आहे. हे तम्लालतचे वर्णन आहे, ते साहेबांनी नीट लिहून घ्यावे.

मार्चमध्ये विद्यापीठातील प्राध्यापिका नुझा बेन्नीस बाई माझ्या दुकानात आल्या. अशा दगडांच्या जगाच्या यादीत दगड नोंदवायचा तर त्याचा वीस ग्रॅम तुकडा कापून तपासायला द्यावा लागतो. तो मी दिला. बाईंनी कापलेली बाजू भिंगातून बराच वेळ पाहिली.

“अद्दीभाऊ, ह्याच्या पोटात दाणे नाहीत. दाणेवाला दगड म्हणजे जन्मल्यापासून वितळलाच नाही. हा एकदा पुरता वितळून थिजलाय. अशांची घराणी वेगळी.”

“चांगल्या घराण्यातला निघू दे म्हणजे झालं.”

“घराणं मी शोधते, गाव तुम्ही सांगा. जागा पक्की असेल तर दगडाला त्या जागेचं नाव मिळतं. नाहीतर नुसता नंबर. तसले हजारो बेवारस पडलेत यादीत.”

मला नाव हवे होते. नावाच्या दगडाला भाव जास्त हे एक. दुसरे असे की तीस वर्षे मी दगड विकले, सगळे नंबरानेच गेले. पण तम्लालतला अजून तुकडे असणार हेही मला ठाऊक होते. असा दगड एकटा पडत नाही. फुटून पडतो, लांबवर पसरतो. थंडी येईपर्यंत जागा झाकून ठेवायची होती.

आमच्याकडे रीत अशी की पाण्याची जागा शत्रूलाही खरी सांगायची आणि दगडाची सख्ख्या भावालाही सांगायची नाही. दगडाची थाप मारली म्हणून आजवर कोणी कोणाशी भांडलेले नाही. उलट चहा पिताना कोणी कोणाला कुठे फिरवले यावर हसतात.

२७ मार्चला मी मोटारसायकलवर दगड घेऊन दक्षिणेला साठ किलोमीटर अफराऊ पठारावर गेलो. तिथे तो जमिनीवर ठेवला, शेजारी जागेचे आकडे दाखवणारे यंत्र ठेवले व फोटो काढला. अफराऊ निवडण्याचे कारण, तिकडे गवत नाही म्हणून आमचे कोणी जात नाही. बाईंच्या अर्जात आसपासच्या खुणा लिहायच्या होत्या. त्यांनी फोनवरून विचारले, “जवळ काय आहे?” माझ्या डोळ्यांपुढे खरी जागा होती. खोट्यात थोडे खरे मिसळले की ते टिकते, असे मी मानत आलो. मी सांगितले, “पश्चिमेला चार किलोमीटरवर नवी विहीर आहे, सिमेंटच्या कठड्याची.” बाईंनी लिहून घेतले.

विचारल्यावरून सांगतो की, ते बोलताना मी पाण्याविषयी खोटे सांगतो आहे हे माझ्या मनात आले नाही. मी दगडाविषयी बोलत होतो.

मे महिन्यात निकाल आला. दगड अँग्राइट घराण्यातला निघाला. बाई म्हणाल्या, साऱ्या जगात असे मोजकेच आहेत. यादीत नाव लागले ‘अफराऊ’. त्यांनी नोंदीची अरबी प्रत शिक्का मारून पाठवली. ती मी काच बसवून दुकानात गल्ल्याच्या वर लावली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली.

१० जुलै रोजी दुपारी यिदिर दुकानात आला. त्याने चहा घेतला व कागदासमोर उभा राहिला.

“काय हो दाजी, चहाला बसलात की उत्तर सांगता, उठलात की दक्षिण. ह्या कागदावर तरी खरं सांगितलंय का?”

“विद्यापीठाचा शिक्का आहे बाबा त्यावर. माझ्या तोंडावर शिक्का नसतो.”

“आणि बाकीचे तुकडे?”

“कुठले तुकडे?”

“वा! आभाळातून एकच पडला, तोही नेमका तुमच्या झोळीत. बहिणीचा नवरा आहात म्हणून सोडतो, नाहीतर पाय मोडले असते.”

आम्ही दोघे हसलो. मग त्याने मोबाईलने कागदाचा फोटो काढला. विहिरीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “पाणी आहे म्हटल्यावर उन्हाळ्यातही जमेल.” हे मी ऐकले. त्याच वेळी एक गिऱ्हाईक आत आले व मी त्याच्याकडे वळलो. मागील जबाबात हा प्रसंग मी सांगितलेला नाही.

११ जुलै रोजी पहाटे यिदिर मोटारसायकल व पाच लिटर पाणी घेऊन निघाला असे त्याच्या घरून कळते. जिथे विहीर आहे तिथे माणूस पाच लिटरच नेतो. साठ किलोमीटर बिनपाण्याच्या मुलखात आमचा कोणीही वीस लिटरशिवाय पाऊल टाकणार नाही, यिदिर तर नाहीच.

१२ जुलै रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता तूदा दुकानात आली. म्हणाली, “यिदिर कालपासून आला नाही. कुठे गेला असेल, तुम्हाला काही बोलला का?” मी म्हणालो, “नाही. उद्या येईल, काय लहान आहे का तो?” मला माहीत होते. अफराऊचे नाव घेतले तर तिकडे का गेला ते निघणार, मग कागद निघणार, मग यादीतून दगड निघणार. शिवाय वाटले, पोरगा बकरीपेक्षा चिवट आहे, हात हलवत येईल आणि मला चार शिव्या देईल. त्या शिव्यांची मी तयारीही करून ठेवली होती. १३ तारखेला शुक्रवार होता. मी मशिदीत गेलो, घरी जेवलो, दुपारी झोपलो. लोक तोवर उत्तरेच्या खिंडीत शोधत होते. १४ तारखेला सकाळी मी सासऱ्यांना सांगितले की एकदा अफराऊ बघावे.

डॉक्टरांच्या कागदावर मृत्यूची वेळ १३ तारखेची दुपार अशी आहे.

त्याचे प्रेत ज्याला मिळाले त्या उंटवाल्याने माग पाहून जे सांगितले ते असे. मोटारसायकल कागदावरच्या आकड्यांच्या जागी, अगदी नेमकी, उभी होती. साखळी तुटलेली होती. तिथून पावले पश्चिमेला सरळ गेली, चार किलोमीटर, आणि परत आली. मग उत्तरेला चार किलोमीटर आणि परत. मग पूर्वेला, आणि परत. चौथ्यांदा दक्षिणेला गेली ती साडेतीन किलोमीटरवर थांबली. चारही रेषा दोरी धरून आखल्यासारख्या सरळ होत्या. पहिल्या दिवशी तो आल्या वाटेने चालू लागला असता तर कोणी ना कोणी भेटले असते असे उंटवाला म्हणाला. पण विहीर जवळ आहे म्हटल्यावर विहीर सोडून कोण जाईल? बहुधा त्याला वाटले असावे की बाईंच्या हातून दिशा चुकली. पाण्याबद्दल कोणी खोटे लिहील हे त्याच्या डोक्यातच आले नसेल. म्हणून माझे म्हणणे आहे की यिदिर वाट चुकला नाही. त्याला जी वाट दिली ती तो शेवटपर्यंत बरोबर चालला.

२० जुलै रोजी तूदा पाहुण्यांसाठी चहाचे पेले न्यायला दुकानात आली. ती दोन हिवाळे बायकांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली आहे. पेले फडक्यात बांधता बांधता ती कागद वाचू लागली. बोट ठेवून सावकाश वाचते. मी पाहत होतो. काढून घ्यावासा वाटला, घेतला नाही.

“अहो, अफराऊला विहीर कुठे आहे?”

मी राहिलेले पेले तिच्यापुढे सरकवले.

“आबा यिदिरला आणायला तिकडे गेले होते. म्हणाले, पाण्याचा थेंब नाही. मग ही कुठली विहीर?”

“तम्लालतची,” मी म्हणालो.

तिने फडक्याची गाठ सोडली. मग म्हणाली, “दगडाचं खोटं बोललात, ते कळलं मला. सगळेच बोलतात. पाण्याचं बोललात तुम्ही?”

पेले तिथेच ठेवून ती गेली.

काल मी बेन्नीस बाईंना फोन करून खरे सांगितले. त्या म्हणाल्या की नोंद दुरुस्त करायला समितीकडे जावे लागेल, जागा खोटी ठरली तर नाव जाईल, मग पुन्हा नंबर. मग म्हणाल्या, “तुमचा माणूस विहीर माझ्याच कागदावर वाचून गेला का?” मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

मला लाज वाटते असे जबाबात लिहावे, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, “जबाबात असलं लिहीत नाहीत. घटना सांगा.” मी म्हणालो, माझ्याकडे दुसरी घटना नाही. तरी लिहावे.

साहेबांनी विचारले की ‘वाट चुकून’ हे शब्द खोडायला पुरावा काय. मी तम्लालतच्या ओढ्याची खरी जागा, दिशा व अंतरे वर सांगितली आहेत; कागदावरची विहीर तिथेच आहे. अंतरांसकट ती आजपर्यंत कोणालाच सांगितली नव्हती. उद्यापासून तिथे कोणीही जावे. साहेब म्हणाले, “एकदा तुमच्या शब्दावर मी कागद केलाय. आता तिथे विहीर आहे का ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर खोडणार नाही.”

तूदा आपली आपण येऊन बाहेर बाकावर बसली होती. मयताची बहीण म्हणून साहेबांनी तिला आत बोलावून संपूर्ण जबाब वाचून दाखवला व तिला काही सांगायचे आहे का असे विचारले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, “साहेब, विहीर पाहायला जाल तेव्हा येण्या-जाण्याचं पाणी इथूनच भरून घेऊन जा.”

हे वाक्य तिच्या सांगण्यावरून लिहिले आहे. बाकी सर्व मजकूर मला माझ्या बोलीत वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितला तसाच लिहिलेला आहे आणि खरा आहे.

(अद्दी उ बस्सू, डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)