जाखडीचं शेवटचं कडवं

दुबईत अल कुसैसला बसच्या रांगेत गुहागरचा गवंडी रामचंद्र ढोलकी वाजवणाऱ्या रोशनपुढे रंगात आला होता.

"रोशन, कुणाला पटायचं नाही, पण माझं जाखडी नाचाचं गाणं रेकॉर्ड झालं! देराच्या स्टुडिओत आवाज लावला, तर खाडीतल्या बोटी थांबल्या. अरब मालक रडत म्हणाला, हबीबी, दुसरं कधी देतोस? त्याला ढोलकी तुझीच हवी, बाबा. तुझ्याशिवाय अडलंय."

"पण लिहिलं कुणी, काका?"

"मीच! क्रेनच्या टोकावर बसून, एका दमात!"

"ऐकवा."

रामचंद्रनं मोबाईल दिला. शाहीर आपलं नाव शेवटच्या कडव्यात घालतो, म्हणून रोशन तिथवर ऐकत राहिला आणि ओरडला, "अहो काका, तुम्हीच गाताय, 'कृष्णाबाई म्हणे'! गाणं काकूंचं आहे!"