गुडघा माझा, सल्ला गावाचा

...आता तुम्हीच सांगा, दुखतंय कुणाचं? माझं! अन् बोलून राहिलंय कोण? अख्खी बिलोली! नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला, "मामा, सांध्यातली गादी झिजलीय, ती काय नवी येणार न्हाई. चालत राहा, वजन उतरवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून रोज दाबा, दहापर्यंत मोजा. अन् मांडी घालणं बंद!" घरी येऊन टॉवेल गुंडाळतोय, तर शेजारचे वाजिदभाई दारात, "अरे विरूपाक्ष, टावेल से घुटना अच्छा होता क्या? तिल का तेल मलो!" समोरच्या साखराबाईनं तर रुईचं पानच तापवून आणलं. गुडघा माझा, पण सल्ला गावाचा! तेल लावलं, पान बांधलं... टॉवेल तेवढा खुंटीवर राहिला.

तशात आमच्या शिल्पाला किल्लारीची सोयरीक आली. पोरगा सत्यम, लई गुणी, पोरीच्याही मनात भरलेला. पण बापाचे गुडघे गेलेत हे कळलं तर? म्हणतील, घराण्याचाच रोग हाय, उद्या पोरगीही लंगडेल! पावणे जेवायला आले, तर शिल्पा म्हणे, "बाबा, खुर्ची घ्या, कुणी काय म्हणत न्हाई." आमची मंडळी म्हणे, "पावणे खाली अन् तुम्ही खुर्चीवर? जनाची न्हाई तर मनाची तरी लाज धरा!" गुडघा माझा, पण सल्ला घराचा! बसलो मग... पोराचे वडील मन्मथअप्पा, त्यांच्या समोरच, मांडी ठोकून, वरून हसत!

गव्हाची गोड हुग्गी झाली, तूप झालं, ताक झालं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक हाय, पंगतीत थोरलं माणूस उठल्याबिगर कुणी उठत न्हाई. थोरलं कोण? आम्ही दोघं! मी म्हणालो, "उठा अप्पा, मान पावण्याचा." ते म्हणाले, "छे, छे! आधी घरधन्यानं उठावं." "तुम्ही." "न्हाई हो, तुम्ही!" हात वाळले, ताटं वाळली, पोरंसोरं ताटकळून राहिली. म्हटलं, एवढा हट्टी माणूस, पोरगी नांदायची कशी? शेवटी देवाचं नाव घेऊन रेटा दिला, तर गुडघ्यातून... कट्ट! सगळी पंगत माझ्याकडंच बघून राहिली. गेली, सोयरीक गेली! तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

अन् समोरून पण... कट्ट! मन्मथअप्पा डोळे मिटून म्हणाले, "व्याही, माझे दोन्ही गेलेत हो. लातूरच्या डॉक्टरनं मांडी बंद केलीय. म्हटलं, तुम्हाला कळलं तर पोरगी द्याल का न्हाई..."

चौघांनी आम्हाला बखोटीला धरून उभं केलं, अन् तशीच उभ्या उभ्या सुपारी फुटली!

सगळं गोड झालं म्हणता? थांबा! अप्पांनी ती फजिती लई मनाला लावून घेतली. रोज सकाळी सहाला व्हिडिओ कॉल, "व्याही, टॉवेल घेतला का? नुसतं हूं करू नका, गुडघा दाखवा! दाबा!" डॉक्टरला चुकवलं, शिल्पाला चुकवलं... ह्यांना कसं चुकवू? पोरगी द्यायचीय त्यांच्या घरी! गुडघा माझा, पण हुकूम व्याह्याचा... हाव अप्पा, दाबून राहिलो ना... सात... आठ...